जपानी गेममधली चुकलेली ओळ
मंगळवारी दादा गेला. तेरवी झाल्यावर मोताळा गावातल्या आमच्या घरी मी त्याचा जपानहून मागवलेला, ॲनिमे मालिकेवरचा मारामारीचा गेम लावला, आणि तापलेल्या प्लास्टिकच्या वासाने एक दुपार आठवली. जपानी अक्षरं कळत नसल्याने आम्ही मेनूतल्या ओळी वरून मोजून बटण दाबायचो. त्या दुपारी माझी एक ओळ चुकली आणि दादाने उन्हाळाभर खेळून मिळवलेले सगळे लढवय्ये पुसले गेले. तो पडद्याकडे बघून ओरडला, "एका बटणात सगळ्यायले मारलं बे तू!" मला रडू फुटलं. "काऊन रडून राह्यला? पुन्हा जिंकू. बस माह्याजवळ." दिवाळीपर्यंत आम्ही दोघांनी मिळून ते सगळे परत मिळवले. आज ते सगळे पडद्यावर आहेत, आणि खेळायला मी एकटा आहे.