अर्धी काढलेली आकृती

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना घरात कुणी काही विचारलं नाही तरी मी सांगत असे. बाबा शिंकले की नाकाच्या अस्तराविषयी, जेवताना जठररसाविषयी. एकदा शेजारच्या काकूंचा हात तव्याला लागला, तर मेंदूला कळायच्या आधीच हात मागे कसा येतो, हे मी त्यांना समजावत बसले. काकू नळाखाली हात धरून उभ्या, आणि मी मज्जारज्जूवर. आई म्हणाली, "अगं, आधी बर्फ आण ने." जन्म बडोद्यातला, त्यामुळे वाक्याच्या शेवटी गुजराती 'ने' लावल्याशिवाय तिला बोलता येत नसे, आणि मला त्याचाही राग यायचा. ती सातवी शिकलेली, मी घरातली पहिली शास्त्र शिकणारी मुलगी. चढून गेले होते मी, दुसरं काय.

बाबांच्या घरात पणजोबांपासून सगळे बडोदा संस्थानाच्या फौजेत. संस्थान गेलं, गणवेश गेला, ताठा तेवढा राहिला. बाबांनी स्वतः भरतीसाठी दोनदा प्रयत्न केला होता. दोन्ही वेळा छातीच्या मापात अडले आणि मग एका कचेरीत कारकून झाले. त्यामुळे माझा धाकटा भाऊ चालायला लागला तेव्हापासून तो कुठे जाणार हे ठरलेलं होतं. तो रोज पहाटे उठून धावायचा, भिजवलेले चणे खायचा, दाराच्या चौकटीला लटकायचा. लेखी परीक्षा झाली, धावणं झालं, छाती तर मापापेक्षा वर भरली. बाबांनी पेढे आणून ठेवले होते.

वैद्यकीय तपासणीत त्याच्यापुढे रंगीत ठिपक्यांचे पत्ते धरले. त्या ठिपक्यांत एक आकडा लपलेला असतो, तो वाचायचा. "मला नुसते ठिपकेच दिसले, ताई," तो मला म्हणाला. "मला वाटलं, आकडा पुढच्या पानावर असेल." तपासणाऱ्याने पुस्तिका मिटली आणि फॉर्मवर लाल-हिरव्याचा दोष असल्याचं लिहून दिलं.

अठरा वर्षं आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आमच्या बडोद्याच्या खंडेराव मार्केटमध्ये टोमॅटो आणायला पाठवलं की हा एकेक टोमॅटो अंगठ्याने दाबून घ्यायचा. भाजीवाली ओरडायची, "दबावशो नहीं, भाई!" आम्ही म्हणायचो, किती चोखंदळ आहे. चोखंदळ कसला, पिकलेला कुठला ते त्याला दिसतच नव्हतं. बोटांनी तो जे शोधून काढत होता ते आम्ही डोळ्यांनी बघत होतो आणि त्याला हसत होतो.

तो घरी आला ती दुपारची वेळ होती. बाबा रजा काढून बसलेले. त्यांनी फॉर्म वाचला, पुन्हा वाचला आणि म्हणाले, "आमच्या रक्तात असलं काही नाही."

इथे मी गप्प बसायला हवं होतं.

"रक्तात नसतंच ते, बाबा," मी म्हणाले. मग डोळ्याच्या मागच्या पडद्यापासून सुरुवात केली. तिथे शंकूच्या आकाराच्या पेशी असतात, तीन तऱ्हेच्या. त्यांच्याकडून काय काय आलं त्याची तुलना करून मेंदू रंग ठरवतो. एक तऱ्हा बिघडलेली असली की लाल आणि हिरवा यांतला फरक मेंदूपर्यंत पोचतच नाही. डोळा धडधाकट, नजर तीक्ष्ण, फक्त तेवढा फरक नाही. भाऊ मान खाली घालून ऐकत होता, आणि मला वाटतं त्याला जरा बरंही वाटत होतं, कारण यात त्याची काही चूक नव्हती. एवढ्यावर थांबले असते तर आज हे लिहायची वेळ आली नसती. पण बाबांनी विचारलं, "मग आलं कुठून?" आणि मला उत्तर येत होतं.

मी कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका उलटी करून तिच्यावर आकृती काढली. आईचं वर्तुळ, बाबांचा चौकोन. मुलाला वाय गुणसूत्र बाबांकडून येतं, एक्स आईकडून. हा दोष एक्सवर बसतो. "म्हणजे आईकडून," मी म्हणाले, आणि कुणी विचारलेलं नसताना पुरावाही दिला, "मामाच बघा ना."

आईचा एकुलता एक भाऊ, माझा मामा, गोरव्याच्या कारखान्यात फिटर होता. दर भाऊबीजेला आईला साडी आणायचा आणि रंग भलताच सांगायचा. "तपकिरी आवडते ना तुला," म्हणून हिरवीगार साडी पुढे करायचा. सगळे हसायचे, तोही हसायचा. त्या दुपारी ते हसू मी पत्रिकेच्या पाठीवर काळ्या चौकोनात भरलं.

बाबांनी आईकडे पाहिलं. आई कणीक मळत होती. तिचे हात थांबले नाहीत, पण ती खाली बघायला लागली.

आता जे सांगायचं ते. आमच्या पुस्तकातल्या आकृतीत मुलांच्या चौकोनांशेजारी मुलींची दोन वर्तुळं होती आणि त्यांतलं एक अर्धं काळं केलेलं होतं. त्या मुलीला सगळे रंग दिसतात, पण दोष तिच्याजवळ असतो आणि तिच्या मुलाला होऊ शकतो. आईसारखीच ती. माझ्या बाबतीत ती शक्यता निम्मी. मला ते पान पाठ होतं. माझं वर्तुळ काढायला मी पेन्सिल टेकवली, बाबांची नजर पाहिली, आणि पत्रिका दुमडून टाकली. माझ्या स्थळांचं बोलणं त्या वर्षी सुरू झालं होतं. ती नजर माझ्याकडे वळेल याची मला भीती वाटली. भीती वाटली हे खरं, पण त्यामुळे मी केलं ते कमी होत नाही.

संध्याकाळी स्वयंपाकघरात आईने मला एकच विचारलं, "आणि तुझं काय गं?"

"मुलींना होत नाही," मी म्हणाले.

"चला, तेवढं तरी बरं झालं ने," ती म्हणाली आणि कुकर लावायला वळली.

बाबा मारझोड करणारे नव्हते. ते फक्त बोलायचे. "लग्नाच्या वेळी तुझ्या माणसांनी सांगायला नको होतं?" हे वाक्य आमच्याकडे मीठ-मसाल्यासारखं रोज वापरात आलं. भाऊ कुठे नापास झाला, कुणा मित्राचा मुलगा गणवेशात दिसला, की ते निघायचं. मामा एकदा स्कूटरवरून पेरू घेऊन आला, तर बाबा पेपर उघडून बसले आणि मामा जाईपर्यंत त्यांनी तो खाली ठेवला नाही. मामाला कारण कळल्यावर तो रडवेला होऊन म्हणाला, "मला तरी कुठे माहीत होतं हो!" त्या दिवाळीत बाबांनी आईला सांगितलं की भाऊबीज करायची गरज नाही. आईने ओवाळायचं ताट काढलं नाही. पुढच्या वर्षीही नाही. बाबांना कुणी समजावू शकलं असतं तर मीच. दोष देण्यासारखं यात काही नसतं हे मलाच सांगता आलं असतं. पण तो विषय पुन्हा निघाला असता तर आकृती पुरी करावी लागली असती. मी कॉलेजला जात राहिले, परीक्षेत याच प्रश्नाला मला चांगले गुण मिळाले.

भाऊ पुढे गोरव्याच्याच कारखान्यात लेथ मशीनवर लागला. मामाशी त्याची रोज भेट व्हायची. मामा दर भाऊबीजेला त्याच्या हाती साडी पाठवायचा. आई ती कपाटात ठेवायची आणि नेसायची नाही.

माझं लग्न ठरलं ते गोत्रीकडच्या नव्या सोसायटीतल्या घरात. ती मंडळी संस्थानच्या जुन्या अधिकाऱ्यांची, पुस्तकांत रमणारी. सासरे वारलेले, सासूबाई शाळेत शिकवायच्या. बघायला आल्या तेव्हा त्यांनी सहज विचारलं, "घराणं फौजेतलं, मग मुलगा का नाही गेला?"  आई पटकन म्हणाली, "उंचीत राहिला." माझा भाऊ मागेच उभा होता, चौकटीला डोकं लागेल असा. सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि चहा छान झालाय म्हणाल्या. मला वाटलं, आई घाबरून काहीतरी बोलून गेली. मी तिच्यावर मनातून चिडलेही होते.

मुलगा झाला. तो पहिलीत असताना बाईंनी वही दाखवायला बोलावलं. त्याने झाडाचं खोड गडद हिरवं रंगवलं होतं आणि पानं तांबूस. बाई म्हणाल्या, कल्पनाशक्ती छान आहे. मी वही मिटली. डॉक्टरांकडे नेलं, तिथे तेच ठिपके. माझा मुलगाही म्हणाला, "आकडा कुठेय?"

त्याच्या वाढदिवसाला आई आमच्याकडे आली होती. सासूबाईंनी चष्मा काढून, अगदी साधेपणाने विचारलं, "हे आलं कुणाकडून असेल?" मी ताटं मांडत होते. मी मांडतच राहिले.

"माझ्याकडून," आई म्हणाली. "आमच्याकडचं आहे ते. तिला काही कल्पना नव्हती हो. माझीच चूक, मी सांगायला हवं होतं."

सासूबाईंनी चष्मा पुन्हा लावला. आई जेवली, नातवाला गोंजारलं आणि निघाली. मी तिला खाली रिक्षापर्यंत सोडायला गेले. जिन्यात मला राहवलं नाही. "आई, मला माहीत होतं. त्या दिवशी, आकृती काढली तेव्हाच. मुलींना होत नाही हे मी अर्धंच सांगितलं होतं."

आई कठडा धरून सावकाश उतरत होती. "मला तरी कुठे झालंय?" ती म्हणाली. "मला सगळे रंग दिसतात. तरी पोराला गेलंच ने माझ्याकडून. मग तुझं काय वेगळं असणार? एवढं कळायला कॉलेज कशाला लागतं?"

"मग माझ्याबद्दल तू तेव्हाच बाबांना का नाही सांगितलंस?"

"तुझं लग्न व्हायचं होतं."

एवढं बोलून तिने रिक्षा थांबवली, गुजरातीत भाड्याची घासाघीस केली आणि बसली. मी तिला हात लावला की नाही तेही मला आठवत नाही.

वर आले तेव्हा सासूबाई ताटं उचलत होत्या. मी उभ्या उभ्याच म्हणाले, "आई खोटं बोलली. ते माझ्याकडून आलंय, आणि लग्नाआधी मला माहीत होतं."

त्यांनी हातातलं ताट खाली ठेवलं. "बरं," त्या म्हणाल्या. "त्याच्या पेन्सिलींवर रंगांची नावं लिहून द्या. शाळेत अडायचं नाही मग."

बस, इतकंच झालं. मला कुणी टोमणा मारला नाही, माझ्या माहेरचं कुणी काढलं नाही. मला हे सांगायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नव्हतं. मामाला जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती, आणि त्या दुपारनंतर आईने त्याला एकदाही ओवाळलं नव्हतं.