हलगी लांबून वाजते

"आणखी मागं सरक. आणखी. तिकडं उकिरड्यापातूर जा."

पाटलाचा थोरला मांडवातनं ओरडत होता. मी तापवलेली हलगी घेऊन मागं मागं सरकत होतो. मांडवातली माणसं हसत होती. मिसरूड काळं झालेला गडी मी, आणि सांगतील तसा मागं चाललो होतो. टाचेला उकिरडा लागला तेव्हा थांबलो.

"हां! आता बराब्बर! वाजव आता."

हे कसं झालं ते सांगतो.

उंब्रजच्या अंगाला आमचं गाव. पाटलाच्या लेकीचं लग्न होतं. थोरला लढाईवरनं नुकताच आलेला, येताना तबकड्या वाजवायचा फोनो घेऊन आलेला. गावातला पहिलाच फोनो. आम्ही मांगवाड्यातले मांडवाबाहेर उन्हात बसलेलो. लग्न त्यांचं, वाजप आमचं, हे जन्मापासनं ठरलेलं. न्हाई म्हणायची सोय नाही, वर्षाची भाकर त्यावर. मांडवाच्या मेढीला, नुसत्या खांबाला, हात लागला तरी शिव्या.

लग्नाला सांगलीचे एक गाणारे बुवा आलेले. लोडाला टेकून पान चघळत होते. त्यांच्या मानासाठी थोरल्यानं त्यांचीच तबकडी लावली. चावी फिरवली, सुई टेकवली. बुवांचा आवाज आला. आणि त्या आवाजामागं, लांबून, हलगी.

ती माझ्या बाची हलगी होती.

बा जाऊन दोन-तीन वर्षं झालेली. पटकीनं गेला. मागं काय राहिलं? एक घोंगडं आणि माझ्या हातातली ही हलगी. फोटो कुठला असायला! आणि आज बा जिताजागता वाजवत होता, पाटलाच्या मांडवात. बा आत, मी बाहेर. मला रडू आलं. खोटं कशाला सांगू?

ती तबकडी भरली तेव्हा मी बाबरोबर सांगलीला होतो. एका व्यापाऱ्याच्या बंगल्यात तबकड्यांच्या कंपनीची माणसं उतरलेली. दिवाणखान्यात भिंतींना रजया टांगलेल्या, मधोमध माईक. बुवा आत. पेटीवाला आत. ढोलकीवाला आत. बा बाहेर अंगणात. बुवा म्हणाले, "हलगी तापवायला जाळ लागतो. जाळ बाहेर, तेव्हा तूही बाहेरच बरा."

बा म्हणाला, "व्हय जी."

दार उघडं ठेवलं, तेवढीच मेहेरबानी. मलाही ते पटलं होतं. तापवून आत यायला काय झालं होतं, आणि ढोलकीलाही कातडंच असतं की, हे तेव्हा डोक्यात आलंच नाही. असल्या गोष्टी आमच्या डोक्यात येऊ नयेत अशीच आमची घडण.

तर तबकडी संपली. साताऱ्याचे एक वकील पाहुणे होते, ते मांडी थोपटत म्हणाले, "वा बुवा! ती हलगी काय लांबून येते हो! डोंगरापलीकडून आल्यासारखी. काय युक्ती केलीत!"

बुवा हसले. "जवळ घेतली तर गाणं मरतं. म्हणून मुद्दाम लांब ठेवली."

माझ्या डोक्यात सणक गेली. उठलो. मेढीपाशी जाऊन म्हणालो, "आवं बुवा, ती माझ्या बाची हलगी. ज्ञानू मांगाची. नाव सांगा की ह्यास्नी."

बुवांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांनी मला ओळखलं होतं. आयची आण घेऊन सांगतो, ओळखलं होतं.

"असेल कुणीतरी," ते म्हणाले. "हलगीला कुठं नाव असतं?"

मांडव हसला. थोरला म्हणाला, "तुजा बा? कंपनीच्या तबकडीत? गप ए!" वकिलांना मात्र गंमत सुचली. "बापाचा हात असेल तर पोराचाही असेल. वाजव बघू तबकडीबरोबर."

अडकलो. वाजवावं तर ह्यांची करमणूक. न वाजवावं तर बा खोटा. आय उष्ट्यासाठी पाटी घेऊन बाहेर बसलेली, तिनं हात जोडले. "वाजव रं लेका. पाटलाला दुखवू नगंस. पाया पडते तुज्या."

हलगी तापवली. तबकडी पुन्हा लागली. वाजवायला लागलो तसा थोरला ओरडला, "आरं, लय जवळनं येतंय! तबकडीगत न्हाई लागत. मागं सरक!"

असा मी उकिरड्याला लागलो. आणि तिथं उभा राहिल्यावर मला सगळं लख्ख दिसलं. बा असाच उभा होता. कसली युक्ती नि कसला डोंगर! मधी नुसतं एक दार होतं. आम्हाला जेवढं लांब ठेवलं तेवढं लांब तबकडीत उतरलं, आणि ही माणसं त्याला वा म्हणत होती.

मी थांबलो. हलगी काखेत मारली आणि सरळ चालत आलो. मेढ ओलांडली. मांडवात पाय ठेवला. बायांनी पोरं आवरली, जेवती पंगत ताटावरनं उठली.

"हलगी ज्ञानू मांगानं वाजवली," मी म्हणालो. "त्याचं नाव घ्या. मला हितं बसवा. मग वाजवतो."

थोरल्याचा बूट छातीत बसला. मग किती जणांचे हात पडले ते कळलं नाही. हलगी त्यांनी हिसकली आणि आमच्याच जाळात टाकली. कातडं आकसत गेलं आणि फाटलं. बुवा पान चघळत बघत होते.

गावानं भाकर तोडली. आय उठता-बसता मलाच बोल लावायची. तिचंही खरं, चूल तिला पेटवायची होती. गाव सोडून जावं तर कुठं? कराडला मांडव, तासगावला मांडव, आणि दर मांडवाला मेढ. रात ना दिवस कोंडल्यागत झालं. बा आता त्या तबकडीतच उरलाय, आणि तबकडी पाटलाच्या घरात.

थोरला पाहुणे आले की ती लावतो. मी त्याच्या दारासमोर रस्त्यात उभा राहतो. रस्ता त्याच्या बापाचा नाही. बुवा गातात तोवर गप असतो. हलगी सुरू झाली की ओरडतो, "ज्ञानू मांग!" धोंडे आले. कुत्री सोडली. पुढच्या वेळी पुन्हा उभा राहिलो. थोरल्यानं एकतर तबकडी फोडावी, नाहीतर बाचं नाव ऐकावं.

नवी हलगी मढवलीय. आमचा मांगवाडाही आता माझ्या बाजूनं बोलायला लागलाय. लग्नसराई येईल. हलगीबिगर ह्यांचा नवरदेव मारुतीच्या पारावरनं मांडवाकडं हलत नाही, हे मला ठाऊक आहे. बोलावणं आलं की सांगणार आहे: आधी नाव घ्या, सतरंजीवर जागा करा. न्हाईतर न्या तुमचा नवरा मुक्यानं.