मॅडमचा डावा हात

आमच्या सरावखोलीत खिडकीजवळच्या खाटेवर एक बाहुली कायम झोपलेली असे. ती पूर्ण माणसाच्या उंचीची होती. परदेशातून कोणीतरी भेट दिलेली, गुलाबी कातडीची आणि रंगवलेल्या पिवळ्या केसांची, म्हणून मुली तिला ‘मॅडम’ म्हणत. तिला पुसणे, कुशीवर वळवणे, तिच्या अंगाखालची चादर ती हलू न देता बदलणे, हे सारे तिच्यावर जमल्याखेरीज वॉर्डातल्या माणसाला हात लावायची परवानगी नव्हती. इंजेक्शनाचा सराव मात्र संत्र्यांवर. हिवाळ्यात कळमेश्वरकडच्या बागांतून टोपली येई. सालीतून सुई आत जाताना जो किंचित अडथळा लागतो, तो माणसाच्या कातडीशी पुष्कळ जुळतो असे आम्हांला सांगितले जाई.

मी त्या वर्गात वयाने सगळ्यांत मोठी होते. संस्कृत घेऊन पदवी झाली, त्यानंतरची वर्षे आईच्या आजारपणात गेली, आणि आई गेल्यावर वयाची मर्यादा संपता संपता मी परिचारिकेच्या अभ्यासक्रमाला अर्ज केला. सीताबर्डीवर दुकान असलेल्या माझ्या भावाला ते मुळीच रुचले नव्हते. “जाऊन बघ,” तो म्हणाला होता, “पहिल्या परीक्षेला परत पाठवलं की इथेच यायचं आहेस.” त्याच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता, खात्री होती. पहिली प्रात्यक्षिक परीक्षा न जमलेल्या मुलींना खरोखरच घरी पाठवत असत.

मॅडमचा डावा हात खांद्यात अडकत असे. आतली स्प्रिंग बिघडलेली असावी. खांदा तळव्याने दाबून हात बाहेरच्या बाजूला पिळायचा आणि एक हिसका द्यायचा. मग ‘खट्’ असा आवाज होऊन तो मोकळा होई. इतर मुली डाव्या हाताशी नुसती ओढाताण करत. दुपारी वसतिगृह झोपलेले असताना मी एकटीच सरावखोलीत जाई. चारचौघांदेखत मला काही जमत नसे. एकान्तात सगळे जमे. तो हिसका मी तिथेच साधला. वर्गात पहिल्यांदा तो आवाज झाला तेव्हा आमच्या सिस्टर ट्यूटर ‘छान’ म्हणाल्या. त्या केरळच्या होत्या आणि मोजके मराठी त्याहून मोजकेपणाने वापरत. त्या एका शब्दावर मी पुढे कितीतरी दिवस काढले.

पण त्यांचा एक नियम माझ्या मुळावर आला होता. मॅडमला काहीही करण्याआधी ते तिला मोठ्याने सांगायचे. “आता तुमचा चेहरा पुसते”, “आता कुशीवर वळवते”, असे. माझे ओठ हलत, स्वर उमटत नसे. लाकडासारख्या त्या चेहऱ्याशी सगळ्यांसमोर बोलायचे या कल्पनेनेच मला ओशाळल्यासारखे होई. ट्यूटर मागून म्हणत, “आवाज.” मी मान डोलवी. पुन्हा, “आवाज.”

आणि मग कुही गावाकडून आलेल्या एका मुलीची पाळी येई.

तिचे घर भातशेतीवाले होते. वयाने ती माझ्याहून दहा-अकरा वर्षांनी लहान असेल. चादरीचे कोपरे तिला कधी नीट दुमडता आले नाहीत, पाणी नेहमी खाटेवर सांडे, आणि सुईने पाणी टोचून झालेले संत्रे ती सोलून खाऊन टाकी. “उकळलेलंच पाणी हाय ना आत,” ती म्हणे, “मंग?” पण मॅडमच्या उशाशी उभी राहिली की तिची वाचा अशी सुटे, जणू शेजारीण आजारी पडली आहे. “मॅडम, पाणी कोमट केलं हाय, घाबरू नोका. तुमच्या पोराले बाहेर बसवलं, भजे खाऊन राहिला. जरा हात उचलता का? नाही उचलत? बरं, राहू द्या, रुसा.”

वर्ग हसे. ट्यूटर खिडकीकडे तोंड वळवत. पण त्यांच्या खांद्यांवरून कळे की त्याही हसत आहेत. माझ्या अचूकपणासाठी त्यांच्याजवळ एक शब्द होता. हिच्या सांडलवंडीसाठी हे हसू. ते हसू मला हवे होते. रात्री अंथरुणावर मी तिची वाक्ये मनात म्हणून बघे, ‘भजे’ आणि ‘रुसा’सकट, आणि माझ्या तोंडी ती श्राद्धाच्या मंत्रासारखी लागत.

तिला यातले काहीच जाणवत नसे, याचाही मला राग येई. जेवताना ती मुद्दाम माझ्याशेजारी बसे. “ताई, तुमाले सारं येते. मंग काहून असं मौन धरून राहता? मॅडम काय चावते का?”

परीक्षेला दुसऱ्या इस्पितळाच्या एक वयस्क मेट्रन आल्या होत्या. अंग पुसण्याचा विषय होता. कुहीच्या मुलीची परीक्षा झाली, खाट ओली झाली, तरी ती उत्तीर्ण झाली. पुढची पाळी माझी. मेट्रननी मॅडमकडे एकदा पाहिले आणि म्हणाल्या, “ही बाहुली पुरे. एका मुलीला झोपवा.”

“मी झोपते ना,” कुहीची लगेच म्हणाली. “झोपाचे मार्क असते तं मी पयली आली असती.”

ती खाटेवर आडवी झाली. मी रबरी चादर अंथरली, तिच्यावर पांघरूण घातले, मनगटावर पाण्याची ऊब पाहिली. चेहरा पुसला, मान पुसली. मेट्रन कागदावर खुणा करत होत्या. “आवाज,” ट्यूटर हलकेच म्हणाल्या. मी मान डोलवली. उजवा हात झाला. मग मी डाव्या हाताकडे आले आणि माझ्या तळव्याने आपणहून तिचा खांदा दाबला, हात बाहेर पिळला आणि हिसका दिला.

तिने दात आवळले. डोळ्यांत टचकन पाणी आले. मला तरीही कळले नाही. मी ‘खट्’ची वाट पाहत होते.

“सिस्टर,” ती म्हणाली, पेशंटच्या आवाजात, “हा त्या मॅडमचा हात नोहोय. माहा हाय.”

मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसले. मेट्रनची पेन्सिल थांबली. माझ्या हातातल्या फडक्याचे पाणी फरशीवर ठिबकत राहिले, आणि मला भावाचे दुकान दिसले, गल्ल्यामागे बसलेला भाऊ दिसला, ‘आलीस?’ म्हणणारा.

“काहून थांबल्या वं सिस्टर?” ती तशीच निजून म्हणाली. “थंडी वाजून राहिली मले. काही बोला तं खरं.”

“चुकलं माझं,” मी म्हणाले. ते सगळ्यांना ऐकू गेले. “खांद्यात दुखतंय का?”

“दुखते. पन आता कमी झालं. पुसता का सोडता?”

“पुसते. हात माझ्या हातावर टेका. आता दंड पुसते. पाणी गार वाटलं तर सांगा.”

“गादी तं ओली नाही ना होनार?”

“नाही होणार,” मी म्हणाले. ती झालीही नाही. पाठ पुसून, तिला कोरडी करून, चादर बदलून होईपर्यंत ती काहीबाही विचारत राहिली आणि मी उत्तरे देत राहिले. मी थांबले की तिचा पुढचा प्रश्न तयार असे.

मेट्रननी मला उत्तीर्ण केले. मग ट्यूटरकडे वळून म्हणाल्या, “ही पेशंट मात्र फार उत्तम मिळाली तुम्हांला.” या वेळी ट्यूटर खिडकीकडे वळल्या नाहीत. सगळ्यांसमोर हसल्या, आणि त्या हसत होत्या ते तिच्याकडे पाहून.

बाहेर पायरीवर ती खांदा चोळत संत्रे सोलत बसली होती. मी आभार मानले. “राहू द्या ताई,” तिने अर्धे संत्रे पुढे केले. “तरी म्हनत होतो आमी, मॅडमचा हात कोनं बिघडवला.” मी ते अर्धे संत्रे घेतले. ते गोड होते, आणि तेही मला खपले नाही. माझे उत्तीर्ण होणे मला तिच्या हातून मिळाले होते.

पुढे ती वॉर्डात गेली. तिची पाळी नसली की रुग्ण तिची विचारपूस करत. मी शिकवण्याकडे वळले आणि त्याच सरावखोलीत ट्यूटर झाले. आता तिथे नवी प्लास्टिकची बाहुली आहे, तिचे सगळे सांधे लोण्यासारखे हलतात. तरीही पहिल्या दिवशी मी तिला झाकून ठेवते आणि मुलींना आळीपाळीने एकमेकींच्या पुढ्यात झोपवते. कोणी शेजारणीचा दंड बाहुलीसारखा धरला की मी जवळ जाऊन म्हणते, “हा बाहुलीचा हात नाही. हिचा आहे.”

त्यावर कोणीही हसत नाही. मुली ते वहीत उतरवून घेतात.