उजव्या बाजूचा आवाज

रानातले आवाज टिपायला कुठलं यंत्र घ्यावं, यावर मी दोन महिने घरच्यांचं डोकं खाल्लं. खिशात मावणारं छोटं यंत्र, ज्याच्या डोक्यावरच दोन माईक असतात, की माईकची जोडी वेगळी, स्टँडवर लावायची? दोन माईक हवेतच. त्याशिवाय तांबट डावीकडे बोलतोय आणि बुलबुल उजवीकडे, हे ऐकणाऱ्याला कळत नाही. "आधी घरातलं तरी दोन्ही कानांनी ऐका," बायको म्हणायची.

शेवटी उस्मानपुऱ्यातल्या ओळखीच्या दुकानदाराने दोन्ही प्रकार एका दिवसापुरते वापरायला दिले. रविवारी सकाळी मी दौलताबादच्या किल्ल्यामागच्या शेतांत गेलो. बांधावर दोन्ही यंत्रं शेजारी शेजारी लावली, वाऱ्याची घरघर येऊ नये म्हणून माईकना केसाळ टोप्या घातल्या आणि सुरू केली. आपला श्वासही त्यात नको म्हणून लांब कडुलिंबाखाली निघालो, तेवढ्यात एक बाई पाच-सहा शेळ्या घेऊन बांधापाशी आली. माझ्या आईच्या वयाची. एका शेळीच्या गळ्यात घंटी होती.

मी खेकसलो, "ए, थांब तिथंच! शेळ्या पुढं आणू नको, रेकॉर्डिंग चालू आहे."

"पाण्यावर न्यायलेय, साहेब," ती म्हणाली. "लई तहानल्यात."

"दहा मिनिटं थांब. आणि आवाज नको."

ती थांबली. मी झाडाखाली डोळे मिटून बसलो आणि तिला साफ विसरलो. चाळीस मिनिटांनी उठलो, तर ती माईकपाशीच उन्हात बसलेली. मी नुसता हात हलवला, जा म्हणून. त्या हाताची मला अजून लाज वाटते.

घरी हेडफोन लावून दोन्ही रेकॉर्डिंग ऐकली. छोट्या यंत्राची स्वतःचीच खरखर एवढी, की बारीकसारीक सगळं तिच्यात बुडालं होतं. माईकच्या जोडीने मात्र काहीच सोडलं नव्हतं. सुरुवातीलाच माझा "ए" होता. कॉलेजात मी विद्यार्थ्यांनाही अहो-जाहो करतो आणि त्याचा मला चांगलाच तोरा आहे. तो "ए" ऐकून कानशिलं तापली. पुढे डावीकडे तांबट, लांबवर कोतवाल, आणि उजव्या कानात, अगदी जवळ, मुठीत आवळून धरलेल्या घंटीचा बोथट आवाज. मग तिची कुजबूज: "गप गं बाय. साहेब पाखरं ऐकायलेत. व्हईल आता त्यांचं."

चाळीस मिनिटं ती हेच करत होती. घंटी हलली की मूठ आवळायची आणि तहानलेल्या शेळीची समजूत घालायची.

मी माईकची जोडी विकत घेतली. पुढच्याच रविवारी जाऊन तिची माफी मागायला हवी होती. शोधायला फार लांब जावं लागलं नसतं. मी गेलो नाही. त्याऐवजी रेकॉर्डिंगमधून माझा "ए" कापून टाकला. तिची कुजबूज शेवटपर्यंत पसरली होती, ती कापता येईना. मग शब्द कळू नयेत एवढी उजवी बाजू हळू केली आणि आमच्या पक्षिनिरीक्षकांच्या बैठकीत ते ऐकवलं.

सगळे खूश झाले. एका बाईंनी विचारलं, "उजवीकडे मधूनमधून अगदी हळू कोण बोलतंय हो?"

"असेल एखादं पाखरू," मी म्हणालो.