केवळाबाईंनी काढलेला शेंदूर

केवळाबाई मेंढरं राखतात. वय साठीच्या पुढे. चारठाण्याच्या माळावर आमची ओळख झाली. आठ दिवसांत मैत्रीही झाली.

माळावरून विजेची मोठी लाइन जाणार आहे. टॉवरचे खड्डे खणण्याआधी तिथल्या जुन्या वस्तूंची पाहणी चालली होती. मी मराठीत बी.ए. झालेला. पुरातत्त्वाच्या नीलम मॅडम पाहायच्या, मी वहीत उतरवायचो.

एका टॉवरची लाल झेंडी केवळाबाईंच्या देवाला खेटूनच आली. देव म्हणजे कमरेएवढा दगड. शेंदराचे थर इतके, की नाक-डोळे उरलेच नव्हते. मेंढी व्याली की पहिला चीक इथं वाहायचा, ही त्यांची रीत.

मॅडम म्हणाल्या, "कोरीव काम दिसलं तर जुना म्हणून नोंद होईल, टॉवर सरकवायला सांगता येईल. नाहीतर दगडच गावात हलवतील. पण शेंदराला आपण हात लावायचा नाही. लोकांचा देव आहे."

"गावात कुठं?" केवळाबाईंनी विचारलं.

"पारावर, मारुतीशेजारी."

"तिथं मेंढरं कोण येऊ देतंय, बाई?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आणि मॅडम पोचलो तर त्या पातेलंभर गरम पाणी घेऊन दगडासमोर बसलेल्या. काठीनं शेंदूर खरवडत होत्या. मी जागीच थांबलो. इतकी वर्षं शेंदूर लावणारा हात तोच होता.

त्यांचा धाकटा दीर लिंबाजी धावत आला.

"वैनी, येड लागलं का? देवाची कातडी काढायलाव!"

"मेंढरं भादरताना तुमचा हात कापत न्हाई, भावजी. धरा पाणी."

"मी न्हाई. पाप लागंल."

"मग बाजूला व्हा. सावली पडायलीय."

तळहाताएवढी खपली निघाली. मग दुसरी. खाली तलवार धरलेला हात दिसला. मग माणूस. त्याच्या पायाशी रांगेनं जनावरं.

"वीरगळ," मॅडम हळूच म्हणाल्या. "जनावरं वाचवताना मेला असेल. त्याच्या आठवणीचा दगड."

केवळाबाईंनी जनावरांवरून बोट फिरवलं. "म्हंजी आमच्यातलाच," म्हणाल्या आणि खाली बसल्या.

खाली पडलेल्या खपल्या लिंबाजीनं उपरण्यात गोळा केल्या. "नदीत सोडाव्या लागतील," एवढंच पुटपुटला.

वहीत माहिती देणाऱ्याचं नाव लिहायचं होतं.

"मावशी, तुमचं टाकू? गाव नावं ठेवील."

"टाक की, मास्तर. खरवडलं मी, अन् नाव दुसऱ्याचं?"

महिन्याभरानं मी पुन्हा गेलो. झेंडी बरीच लांब, उताराला सरकली होती. त्याच सकाळी एक मेंढी व्यालेली. केवळाबाईंनी चीक वाहिला. तो जनावरांच्या पायांतून ओघळत खाली आला. लिंबाजीनं तेलात कालवलेल्या शेंदराची वाटी पुढं केली. बाईंनी बोट बुडवून दगडातल्या माणसाच्या कपाळावर टिकलीएवढा लावला.

"एवढाच?" लिंबाजी म्हणाला.

"बास. तोंड दिसू द्या त्याचं."