साहेबांच्या खिडकीखालची सायकल

माणसं सायकलीवर बसून कचेरीत येतात. मडिवाळप्पांच्या खांद्यावर बसून सायकल कचेरीत यायची. पुढचं चाक घडी घातलेल्या भाकरीसारखं, दांडी कमरेत वाकलेली, पायडल एकच. भर बाजारातून ही स्वारी निघायची. कचेरीच्या अंगणात, तहसीलदारसाहेबांच्या खिडकीखाली लिंबाचं झाड होतं. तिथे अप्पा सायकल हलकेच उतरवायचे, साखळीनं झाडाला बांधून कुलूप लावायचे आणि एकदा घंटी वाजवायचे. घंटी शाबूत होती.

निजामाच्या हैदराबादेतल्या पोलीस ॲक्शननंतरची ती वर्षं. गुलबर्गा जिल्ह्याच्या सरहद्दीवरच्या एका तालुका कचेरीत मी कारकून होतो. गावाचं नाव राहू द्या. मडिवाळप्पा तिथे गिरदावर होते, म्हणजे गावोगाव फिरून पिकं आणि जमिनी स्वतः पाहून सरकारला सांगणारा माणूस. मूळचे दुबलगुंडीचे. कपाळाला विभूती, अंगात बंद गळ्याचा कोट. घरात कानडी, गावात मराठी, कचेरीत उर्दू. सगळे त्यांना अप्पा म्हणत. एखाद्या पाटलानं येऊन सांगावं, "अप्पा, औंदा तूर समदी जळाली," की अप्पा विचारायचे, "तुमी बघितलाव का?"

"लोक सांगायलेत की."

"मंग लोकांलाच बसवा हितं. तुमी चला माज्यासंगं शेताकडं."

आणि सायकलीवर टांग टाकायचे. ती सायकल त्यांची स्वतःची होती. तिच्याशिवाय गिरदावरी म्हणजे उन्हातान्हात कोसच्या कोस पायपीट.

नवे तहसीलदार बाहेरच्या प्रांतातून आले होते. ते येण्याआधी त्यांची खुर्ची आली, आणि खुर्चीच्या आधी तिच्यावर टाकायचा टॉवेल आला. सरकारनं त्यांना जीप दिली, ड्रायव्हरही दिला. साहेबांना जीप पसंत पडली. ड्रायव्हर मात्र अनावश्यक वाटला. ते स्वतः चालवायला शिकू लागले, तेही कचेरीच्या अंगणात. चपराशी सलाम ठोकून उभे, ड्रायव्हर शेजारी जीव मुठीत धरून बसलेला. जीप पुढे गेली की आम्ही माना डोलवायचो. मागे आली की खिडकीपासून दूर व्हायचो.

त्या दिवशी ती फार वेगानं मागे आली. अप्पा दौऱ्यावर निघाले होते, सायकलची सीट धरून उभे. कोणीतरी ओरडलं, अप्पा मागे सरले, आणि काडकन आवाज झाला. जीप थांबली तेव्हा सायकल मागच्या चाकाखाली होती. अप्पांचा हात सीट धरल्यासारखा हवेतच राहिला होता.

साहेब उतरले. वाकून पाहिलं. कोट झटकला आणि म्हणाले, "कुछ नहीं हुआ." आणि आत गेले.

पेशकार, म्हणजे आमचे मुख्य कारकून, लगेच म्हणाले, "कुछ नहीं हुआ, कुछ नहीं हुआ." ड्रायव्हरनं जीप पुढे घेतली, तेव्हा सायकल पुन्हा एकदा मोडली. वस्तू मोडतात, त्याचं काही नाही. पण लख्ख उन्हात, इतक्या माणसांदेखत, पायाशी पडलेल्या मोडतोडीकडे पाहून कोणी असं म्हणू शकतं, हे मी तोवर पाहिलं नव्हतं. अप्पांनी सायकल उचलून घरी नेऊन ठेवली आणि ते दौऱ्याला पायी गेले.

दुसऱ्या दिवसापासून ती खांद्यावरून येऊ लागली.

"अप्पा, हे काय करायलाव?" मी विचारलं.

"सायकल आणायलोय. तुमी कामून हासायलाव?"

"अहो, मोडली ना ती!"

"कोन म्हनतंय? साहेबांनी सोता वाकून बघितलंय. काय झालं न्हाई म्हनले. चांगली सायकल घरी ठेवू व्हय?"

पहिले काही दिवस बाजार हसला. मग हसणं थांबलं, आणि खिडकीची झडप बंद राहू लागली. साहेब उकाड्यात बसत, पण झडप उघडत नसत. घंटी मात्र झडपेतून आत जायचीच.

पेशकारांनी अप्पांना माझ्याच टेबलाशी गाठलं. "अप्पा, साब नवी सायकल लेके देते बोल रहे. ले लेव ना, मियाँ!"

"नक्को, पेशकारसाब. हिला काय झालंच न्हाई, तर नवी कशाला?"

"नौकरी जाती ना! कितने लोगां को घर बिठाए, मालूम नै क्या?"

ते खोटं नव्हतं. निजामी अमलातली किती तरी माणसं तेव्हा घरी बसली होती, आणि अप्पांची पेन्शन तोंडावर आली होती. अप्पा म्हणाले, "नोकरी त्यांच्या हातात हाय. घालवू द्या. पर सायकलीला काय झालं ते त्यांनीच सांगायचं." मग ते पायी आळंदच्या बाजूला गेले, कुणाची तरी ज्वारी बघायला.

पुढे कलेक्टरसाहेब तपासणीला आले. अंगणात सडा पडला, चपराशांच्या पगड्या धुतल्या गेल्या. सायकल हलवायची, तर तिला कुलूप, आणि किल्ली अप्पांच्या खिशात. शेवटी पेशकारांनी तिच्यावर जाजम टाकली. आता ती पालखीसारखी दिसू लागली आणि कलेक्टर थेट तिच्याकडेच गेले.

"यह क्या है?"

अप्पा पुढे झाले आणि त्यांनी जाजम काढली. "मेरी साइकल, साब."

"क्या हुआ इसको?"

इतके दिवस अप्पा याच प्रश्नाची वाट पाहत होते, असं मला वाटत होतं.

"कुछ नहीं हुआ, साब," अप्पा म्हणाले. "हमारे साब खुद देखे."

कलेक्टरांनी चाकाकडे पाहिलं, मग तहसीलदारांकडे. तहसीलदारांचा चेहरा चुन्यासारखा झाला. त्यांनी नुसतं होय म्हटलं असतं, तरी ते सुटले असते. अप्पांनी तेवढी वाट ठेवली होती.

"मेरी जीप के नीचे आई थी, सर," ते म्हणाले. "मैं चला रहा था."

सायकल मोडली तेव्हा बसला त्याहून मोठा धक्का आम्हाला आता बसला होता. कलेक्टर एवढंच म्हणाले, "आगे से ड्राइवर को चलाने दीजिए," आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी अप्पा मोकळ्या खांद्यानं आले. साहेबांनी दुरुस्तीचे पैसे पाठवले, तेही मुकाट घेतले. "आता झालंय न्हवं तिला? मंग घ्यायलाच पायजे."

"आणि साहेब गप्प बसले असते तर?"

"तर खांदा हायच की."

सायकल साहेबांनी मोडली असं अप्पांनी कलेक्टरांना का सांगितलं नाही, ती दया होती की डाव, हे मी अनेकदा विचारलं. अप्पा हसायचे आणि विभूती नीट करायचे.

छप्पन्न साली हैदराबाद राज्याचे तुकडे झाले. अप्पा म्हैसूरकडे राहिले, मी मुंबई राज्यात निघालो. मोटारस्टँडवर सोडायला त्यांनी मला त्याच सायकलच्या मागे बसवलं. पुढचं चाक कधी पूर्ण सरळ झालं नव्हतं. दर फेऱ्याला ते एकदा डावीकडे झुकायचं.

"अप्पा, चाक डुगतंय हो!" मी घाबरून म्हणालो.

"डुगतंय तर डुगतंय म्हनलाव न्हवं?" ते पायडल मारत म्हणाले. "मंग बसा निवांत."