कानपिळीचा मान

माझं काम काय, हे आमच्या बाळापूरला माझ्या आईनंच जाहीर केलं होतं. शेजारणीला म्हणाली, "वेड्यांचं रक्त गोळा करते. पगार मिळतो म्हणं त्याचा." मी मानसशास्त्र शिकले, संशोधनाला लागले आणि विषय मिळाला तो असा: मनाचा गंभीर आजार काही घरांतच पुन्हा पुन्हा का दिसतो, त्यात वडिलांकडून-आईकडून आलेलं किती आणि भोगलेलं किती. नव्वदच्या दशकातली गोष्ट. हिंगोली अजून परभणी जिल्ह्यातच होती. भाड्याची जीप, रक्ताच्या नळ्यांसाठी बर्फाचा डबा, आणि मी. लोकांच्या घरी जायचं, तीन पिढ्यांची माहिती विचारायची, ज्यांची तयारी असेल त्यांचं रक्त घ्यायचं.

सोपं वाटतं ना? कपाळ माझं! आमच्याकडं तीन पिढ्यांची चौकशी कोण करतं? सोयरीक जुळवायला आलेला पाहुणा. आजोळ कुठलं, चुलते किती, आत्या कुठं दिल्या, कोणी माघारी आली का. मीही बराबर तेच विचारायचे. मग काय, घरातलं एकूण एक माणूस ठणठणीत! आजारी मुलगा "पुण्याला कंपनीत" असायचा आणि त्याचा खोकला मागच्या खोलीतून ऐकू यायचा. मला संताप यायचा. जीपमध्ये बसल्यावर हसूही यायचं.

हट्ट्याच्या पुढं एका गावात मी अशीच गेले. त्या घरच्या मुलाला एकदा नांदेडच्या दवाखान्यात आणलं होतं, नंतर कोणी फिरकलंच नाही, म्हणून तिथल्या डॉक्टरांनी मला पाठवलं होतं. जीप थांबली तशी घरात पळापळ झाली. सतरंजी अंथरली, पोहे आले, आणि पाठोपाठ डोक्यावर पदर घेतलेली एक मुलगी चहाचा ट्रे घेऊन आली.

"बारावी झाली," तिची आई म्हणाली. "सैपाक समदा येतो. मशीनवर शिवतेबी."

मला आधी कळेचना. मग कळलं आणि पोह्यांची बशी खाली ठेवली. "अहो बाई, मी सोयरिकीला आलेली नाही," म्हटलं, "मी तुमच्या मुलाची चौकशी करायला आले."

त्या बाईचा चेहरा उतरला. विधवा बाई, एकटीनं रान सांभाळणारी. म्हणाली, "मला लेकरू न्हाई दुसरं. ही एकलीच."

मुलीनं ट्रे खाली ठेवला. आईकडं पाहिलंही नाही. सरळ मागच्या खोलीची कडी काढली. आत सोयाबीनच्या पोत्यांवर एक तरुण बसला होता, दाढी वाढलेली, उजेडानं डोळे मिचकावत. त्यानं बहिणीला हळूच विचारलं, "पाव्हणे गेले का?"

ते वाक्य मी कितीतरी वर्षं डोक्यातून काढू शकले नाही.

त्याला भास होत होते. कोणीतरी विहिरीतून हाका मारतं, असं तो सांगत होता. त्याचा चुलताही असाच कधीतरी घर सोडून गेलेला. औषधानं फरक पडेल, मी सांगितलं, पण आता न्यायला हवं. तर ती आई माझ्या पाया पडायला लागली. "पोरीचं लगीन होऊ द्या बाई. मग न्या त्याला कुठंबी. आता बोभाटा झाला तर हिला कोन करून घेईल?"

मला तिचा राग आला, आणि तिची भीती खोटी नव्हती याचा त्याहून जास्त राग आला. अशा घरची मुलगी लोक करून घेत नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मुलगी मात्र अडूनच बसली. "कानपिळीला कोन उभं राहील माझ्या?"

"चुलतभाऊ हाय की."

"माझा भाऊ घरात जित्ता असून? काहून? कानपिळीचा मान त्याचा हाय. त्याला बरं करा, तोवर मला बोहल्यावर उभं राहायचं न्हाई."

आई रडली, ओरडली, मुलीला नाही नाही ते बोलली. शेवटी दोघीच त्याला घेऊन नांदेडला आल्या. गोळ्या सुरू झाल्या. विहिरीतल्या हाका हळूहळू कमी झाल्या. तो आंघोळ करू लागला, रानात जाऊ लागला. पुरता बरा झाला असं मी म्हणणार नाही. गोळ्यांनी अंगानं सुटला, हात थरथरायचे, आणि पाहुणे आले की अजूनही न सांगता उठून मागच्या खोलीत जायचा.

मग स्थळ आलं. मुलीनं स्वतःच त्यांना भावाचं सांगितलं. चहाही न घेता उठले ते. त्यानंतर मी गेले तर आईनं दारातच सुनावलं, "तुमीच वाटोळं केलं माझ्या पोरीचं." जीपमध्ये येऊन रडले.

आमच्या कामाचंही तेव्हा असंच चाललं होतं. सुरुवातीला आम्हा सगळ्यांना वाटायचं, रक्तात एखादा जीन सापडेल, बोट ठेवून म्हणता येईल, हाच तो. वर्षं गेली, तसं कळत गेलं की तो एक नाहीच. बारीकसारीक पुष्कळ आहेत, एकेकट्याचा जोर फार थोडा, आणि त्यातले कितीतरी तुमच्या-माझ्या अंगातही मुकाट पडून असतात. परिषदांमध्ये हे मी ठसक्यात सांगायचे. हट्ट्याच्या पुढच्या त्या दारात मात्र माझी जीभ उचलत नव्हती.

हिंगोली जिल्हा झाला, त्यानंतरची गोष्ट. एक तरुण मला भेटायला आला. वसमतला त्याचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान. त्याच मुलीचं स्थळ त्याला सांगून आलं होतं, आणि तिनंच त्याला माझ्याकडं धाडलं होतं.

"मॅडम, तिला व्हईल का तसं? तुमी रक्त तपासलंय म्हणं."

"रक्तावरून तसं सांगता येत नाही. होणारच नाही असं मी म्हणणार नाही. पण अशा माणसांची बहुतेक भावंडं चांगली राहतात."

"आन् मला?"

"तुम्हालाही होऊ शकतं. मलाही."

त्यानं पुढ्यातला चहाचा कप उचलला. मग म्हणाला, "गोळ्या कुठं भेटतात, तेवढं सांगून ठिवा." आणि चहा पिऊन गेला. मी दारापर्यंत सोडायला गेले. एरवी मी कोणासाठी उठत नाही.

लग्नाला मी गेले. कानपिळीची हाक झाली, तशी आईची नजर सवयीनं चुलतभावाकडं वळली. नवरी मात्र मुंडावळ्या बाजूला सारून सरळ भावाकडं बघत होती. तो उठला. नवा शर्ट, हात थरथरणारे. पुढं येऊन त्यानं नवरदेवाचा कान धरला.

"पिळ! जोरात पिळ!" पोरं ओरडली. नवरदेवाच्या मामानं रिवाजाप्रमाणं कपडे पुढं केले. यानं कान सोडला नाही.

"अंगठी पाहिजे व्हय?" कोणीतरी चिडवलं. त्यानं नकाराची मान हलवली. कान तसाच. हसणं थांबलं. आई उठून उभी राहिली. मीही मनात म्हटलं, देवा, आज नको रे.

तो नवरदेवाला म्हणाला, "दाजी, मी येईन तुमच्या घरी. तवा पाव्हणे आले, तर मला आत पाठवायचं न्हाई."

नवरदेवाची मान वाकडी, कान लालभडक. तसाच म्हणाला, "न्हाई पाठवनार. पाव्हण्यांला पानी तुमीच द्यायचं. आता सोडा की राव!"

मांडव हसला. आईनं पदर तोंडात कोंबला. त्यानं कान सोडला, कपडे काखेत मारले आणि पुढच्या सतरंजीवर, पाहुण्यांच्या मधोमध जाऊन बसला.